सूक्ष्मजीवांचे नाम आणि क्रियापद : अरबी समुद्रातील नायट्रोजनच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

मराठीत सूक्ष्मजीवांविषयी जे लेखन होते त्यात रोगजंतूंचा वाटा फार मोठा आहे. ‘जंतू’ हा शब्द उच्चारला की आपल्याला पटकी, क्षय, विषमज्वर आठवतो. वस्तुतः जमीन, नदी, खाडी आणि समुद्र यांचे रोजचे व्यवहार ज्यांच्या बळावर चालतात ते बहुसंख्य सूक्ष्मजीव माणसाच्या वाटेला जातही नाहीत. समुद्राच्या वरच्या थरातील एक मिलिलिटर पाण्यात साधारणपणे दहा लाखांच्या घरात जीवाणू असतात. ते काय खातात, काय टाकतात आणि एकमेकांवर कसे अवलंबून असतात, हे समजून घेण्याच्या पद्धती गेल्या पन्नास वर्षांत मुळापासून बदलल्या. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा परिचय करून द्यायचा आहे.

भाषेच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकाला पडू शकेल. त्याचे कारण असे की या पद्धतींविषयी लिहिताना आपल्या वाक्यांतील क्रियापदे फार सैल असतात. ‘अमुक जीवाणू आढळला’, ‘अमुक जीवाणू हे काम करू शकतो’ आणि ‘अमुक जीवाणू हे काम करतो’ ही तीन वाक्ये आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. विज्ञानात ही तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. कोणती पद्धत कोणते क्रियापद वापरण्याचा अधिकार देते, हे नीट कळले तर विषय अर्धा समजला असे म्हणता येईल.

उदाहरण गोव्याच्या दारातलेच घेऊ. अरबी समुद्रातून नायट्रोजन कोण नाहीसा करतो, या एका प्रश्नावर या सर्व पद्धतींची परीक्षा झालेली आहे.

२. प्रश्न काय आहे?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन वायू आहे. पण त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बहुतेक सजीवांना तो वापरता येत नाही. सजीवांना अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा संयुगांतला नायट्रोजन लागतो. समुद्रात ही संयुगे म्हणजे वनस्पती-प्लवकांचे खत होय, आणि प्लवकांवर पुढे मासळी अवलंबून असते.

अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटर खोलीपर्यंत एक विस्तीर्ण थर असा आहे की तेथे ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते, प्लवक भरघोस वाढतात, मरतात, खाली बुडतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. त्या खोलीवरचे पाणी सावकाश बदलत असल्याने नवा ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. ऑक्सिजन नसला की काही जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि अखेरीस नायट्रोजन वायू, अशा पायऱ्यांनी खताचा पुन्हा निरुपयोगी वायू होतो. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. जगातील खुल्या समुद्रात ही क्रिया मोठ्या प्रमाणावर चालणारे तीन मुख्य प्रदेश मानले जातात. दोन पूर्व प्रशांत महासागरात आहेत आणि तिसरा अरबी समुद्र.

पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने तळाकडचा ऑक्सिजन घटतो. खालून आलेल्या, आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते आणि वरची हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ही स्थिती सर्वांत बिकट असते. गोव्यात दोनापावल येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. या संस्थेचे संशोधक कांदोळीसमोरच्या समुद्रातील एका ठरावीक जागी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वारंवार जाऊन पाण्याची मोजणी करीत आले आहेत. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की या उथळ पाण्यात नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर साचतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. म्हणजे वरच्या साखळीतली शेवटची पायरी पूर्ण होते की अर्धवट राहते, यावर बरेच काही अवलंबून आहे. मासळीचा, खताचा आणि हवामानाचा हिशेब येथे एकत्र येतो.

३. संवर्धन : एकाचे चरित्र

जुनी आणि आजही अपरिहार्य असलेली पद्धत म्हणजे संवर्धन. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८० च्या दशकात घन माध्यमावर जीवाणूंच्या वसाहती वाढवण्याचे तंत्र रुळले. त्यासाठी लागणारे अगार सुचवले ते फॅनी हेसे यांनी, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. आपल्याकडे खरवसासारख्या वड्या जमवायला वापरतात ते चायना ग्रास म्हणजे हेच समुद्रशैवालापासून काढलेले अगार. १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची काचेची बशी वापरात आणली आणि जीवाणूशास्त्राचे नित्याचे साहित्य पूर्ण झाले.

संवर्धनाच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही आपल्या घरात आहेत. दह्याला विरजण लावतो तेव्हा कोणते जीवाणू हवेत हे आपण आधीच ठरवलेले असते. इडलीचे पीठ आंबायला ठेवतो तेव्हा मात्र बाहेरून काही घालत नाही. डाळ-तांदूळ, पाणी आणि ऊब यांची जी परिस्थिती आपण निर्माण करतो तीच योग्य त्या जीवाणूंची निवड करते. परिस्थितीने निवड करण्याची ही दुसरी रीत डेल्फ्टचे बायेरिंक आणि रशियाचे विनोग्राद्स्की यांनी शास्त्रशुद्ध केली. अमोनियापासून नायट्राइट व नायट्रेट बनवणारे जीवाणू विनोग्राद्स्की यांनी याच मार्गाने १८९० च्या सुमारास वेगळे केले.

संवर्धनातून एका जीवाचे संपूर्ण चरित्र लिहिता येते. तो किती तापमानात वाढतो, काय खातो, काय टाकतो, सगळे हाताशी येते. पण अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले जीवाणू आणि बशीवर उगवलेल्या वसाहती यांचा मेळ बसत नाही. समुद्राच्या पाण्यातील हजार पेशींपैकी नेहमीच्या माध्यमावर दहासुद्धा उगवत नाहीत, असा अनुभव वारंवार आला. १९८५ साली स्टेली आणि कोनोप्का यांनी या तफावतीला नाव दिले आणि प्रश्न ऐरणीवर आणला. जे आपल्या बशीत येत नाहीत, ते समुद्रात काय करीत असतील?

४. जनुकवाचन : नाम

या कोंडीतून वाट निघाली ती रेणूंच्या वाचनातून. पेशीत प्रथिने तयार करणारा रायबोसोम नावाचा घटक सर्व सजीवांत असतो. त्यातील १६ एस आरएनए या रेणूची सुमारे १५०० अक्षरे कार्ल वूज यांनी निरनिराळ्या जीवाणूंत ताडून पाहिली. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्यांतील पाठभेदांवरून पोथ्यांचे कुळ ठरवण्याची जी रीत पाठसंशोधकांना परिचित आहे, तशीच ही रीत. समान पाठ जितके जास्त, तितके नाते जवळचे. १९७७ साली वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवले की जीवाणू मानल्या गेलेल्या काही जीवांचे कुळच निराळे आहे. त्यांना आपण आर्किया म्हणतो. ‘आदिजीवाणू’ हा मराठी पर्याय कानाला बरा वाटतो, पण त्यामुळे ते जीवाणूंचाच एक प्रकार आहेत असा चुकीचा बोध होतो. म्हणून आर्किया हा शब्द तसाच ठेवणे इष्ट.

पुढचे पाऊल नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. जीव वाढवण्याची गरजच काय? पाण्यातून, मातीतून थेट जनुकद्रव्य काढावे आणि त्यातील हे एक जनुक वाचावे. कॅरी मलिस यांच्या पीसीआर तंत्राने एका जनुकाच्या लक्षावधी प्रती काढणे सोपे केले आणि हा मार्ग खुला झाला. प्रत्यक्षात पाणी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. पाणी खाली जाते, पेशी वर अडकतात. १९९० साली सारगासो समुद्राच्या पाण्यातून असे वाचलेले एक कुळ, सार ११, आज समुद्रातील सर्वांत विपुल जीवाणूंपैकी एक मानले जाते. त्याचे नाव बारा वर्षे कागदावर होते. तो प्रयोगशाळेत वाढला २००२ साली.

ही पद्धत नाम देते. कोण कोण हजर आहे, कोण कोणाचा भाऊबंद आहे, हे ती सांगते. तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. काही जीवाणूंत या जनुकाची एकच प्रत असते, काहींत दहाहून अधिक. त्यामुळे वाचलेल्या प्रतींची संख्या म्हणजे जीवांची शिरगणती नव्हे. प्रती काढायला वापरलेले प्राइमर ज्यांना जुळत नाहीत, ते यादीतून गळतात. मृत पेशींचे जनुकद्रव्यही काही काळ टिकते, त्यामुळे हजेरीपटावर गेलेल्यांचीही नावे असू शकतात. आणि मुख्य म्हणजे नामावरून क्रियापद सांगता येत नाही. विनायट्रीकरण करणारे जीवाणू अनेक कुळांत विखुरलेले आहेत. एकाच कुळातला एक करतो, दुसरा करीत नाही.

५. मेटाजीनोम : शक्य क्रियापद

मग एकच जनुक न वाचता पाण्यातल्या सर्व जीवांचे सर्व जनुकद्रव्य वाचायचे. या समग्र वाचनाला १९९८ साली जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी मेटाजीनोम हे नाव दिले. शेकडो ग्रंथांची पाने फाडून एकत्र मिसळली आणि तुकड्यांच्या कडा जुळवून ग्रंथ पुन्हा लावायचे ठरवले, तर जे करावे लागेल तेच संगणक येथे करतो. पुरेसे वाचन झाले तर कधीही संवर्धन न झालेल्या जीवाचा जवळजवळ पूर्ण जीनोम हाती येतो.

नायट्रोजनच्या प्रश्नात या पद्धतीने एक मोलाची गोष्ट दाखवली. नायट्रेटपासून नायट्रोजन वायूपर्यंतची सगळी साखळी एकाच जीवाणूने पूर्ण करावी, असे चित्र पाठ्यपुस्तकांत असते. प्रत्यक्षात अनेक जीवांकडे तिच्यातल्या एक-दोन कड्यांचीच जनुके सापडतात. एकाने टाकलेले दुसरा उचलतो. नायट्रस ऑक्साइडचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारे जनुक ज्याच्याकडे नाही, त्याचे काम नायट्रस ऑक्साइडपाशी थांबते. शेजारी तो उचलणारा नसला तर वायू हवेत जातो. म्हणजे विनायट्रीकरणाचा कर्ता पुष्कळदा एकवचनी नसतो.

तरीही मेटाजीनोममधून मिळते ते फक्त सामर्थ्य. मराठी व्याकरणात ‘त्याला चालवते’ हे शक्य क्रियापद आहे; त्यावरून तो आत्ता चालतो आहे असे ठरत नाही. जनुक असणे हे तसे आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्या क्षणी पेशीत तयार झालेल्या संदेशवाहक आरएनएचे वाचन. ते आज्ञार्थासारखे आहे. अमुक प्रथिन तयार कर, अशी आज्ञा सुटली आहे एवढे कळते. आज्ञा सुटली म्हणजे काम झालेच, असे कचेरीतही नसते आणि पेशीतही नसते. शिवाय हा रेणू मिनिटांत नष्ट होतो, म्हणून शेकडो मीटर खोलीवरचे पाणी जहाजावर येईपर्यंत आज्ञा बदललेली असण्याचा धोका असतो.

६. समस्थानिके : वर्तमानकाळ

काम खरोखर होते आहे का, हे ओळखण्यासाठी अणूंनाच खूण करावी लागते. नेहमीच्या नायट्रोजनचा अणुभार १४ असतो. १५ अणुभाराचा नायट्रोजन किरणोत्सारी नसतो, रासायनिकदृष्ट्या जवळजवळ तसाच वागतो, फक्त किंचित जड असतो. तो घालून जीवांना खाऊ दिला, तर पुढे तो कोठे पोहोचला हे वजनावरून कळते.

ही युक्ती किती निर्णायक ठरली, हे पाहण्यासाठी एका दुसऱ्या क्रियेची ओळख करून घ्यावी लागेल. १९७७ साली ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी ऊर्जेच्या हिशेबावरून भाकीत केले की ऑक्सिजनशिवाय अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून जगणारे जीवाणू निसर्गात असायला हवेत. असे जीवाणू १९९० च्या दशकात डेल्फ्टमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याच्या एका प्रायोगिक टाकीत सापडले. लेव्हेनहुकने सतराव्या शतकात प्रथम जीवाणू पाहिले ते याच गावात. या क्रियेला अॅनामॉक्स म्हणतात. हे जीवाणू दुप्पट व्हायला दीड-दोन आठवडे घेतात. रात्रभरात उगवणाऱ्या वसाहती पाहण्याची सवय असलेल्यांच्या बशीत ते येणे शक्यच नव्हते. त्यांच्या नावाआधी ‘कँडिडाटस’ हा लॅटिन शब्द लावतात, त्याचा अर्थ उमेदवार. शुद्ध संवर्धन झाल्याशिवाय नाव कायम होत नाही. २००३ साली काळ्या समुद्रात आणि कोस्टा रिकाच्या एका आखातात अॅनामॉक्स चालत असल्याचे पुरावे मिळाले आणि समुद्रातील नायट्रोजनचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

आता अरबी समुद्रात खोलवर तयार होणारा नायट्रोजन वायू विनायट्रीकरणाचा की अॅनामॉक्सचा? वायू एकच, रेणू एकच. केवळ वायू मोजून उत्तर मिळणार नाही. जनुके शोधली तर दोन्ही कुळांची सापडतात. येथे समस्थानिके कामी येतात. बाटलीतल्या पाण्यात १५ भाराचे नायट्राइट घाला. विनायट्रीकरणात वायूच्या रेणूतील दोन्ही अणू नायट्राइटमधून येतात, म्हणून रेणूचा भार १५ अधिक १५, म्हणजे ३० होतो. अॅनामॉक्समध्ये एक अणू नायट्राइटमधून आणि दुसरा पाण्यातल्या साध्या अमोनियामधून येतो. तेव्हा भार १५ अधिक १४, म्हणजे २९. दुसऱ्या बाटलीत अमोनिया जड आणि नायट्राइट साधे घेऊन ताळा करता येतो. दोन अणू कोणत्या घरचे, एवढ्यावर निकाल लागतो. हवेतला किंचितही ऑक्सिजन बाटलीत शिरू न देणे हीच काय ती कसोटी, आणि ती मोठी आहे.

असा निकाल २००९ साली ‘नेचर’मध्ये आला. बेस वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात गोव्यातील संशोधकांचाही सहभाग होता. मध्य अरबी समुद्रात वायूचा बहुतांश भाग विनायट्रीकरणातून येतो, असे त्यांना आढळले. दोनच वर्षांनी, २०११ साली, ओमानच्या किनाऱ्यालगत दुसऱ्या गटाने मोजणी केली, तेव्हा तेथे अॅनामॉक्सचे पारडे जड निघाले. दोन्ही मोजण्या परस्परांना खोट्या पाडतात असे समजण्याचे कारण नाही. एकाच समुद्रात जागा, ऋतू आणि वरून पडणाऱ्या अन्नाचे प्रमाण बदलले की कर्ता बदलू शकतो. वर्तमानकाळी क्रियापदाला स्थळ आणि काळ जोडलाच पाहिजे, असा याचा अर्थ.

नाम आणि क्रियापद एकाच पेशीत पाहण्याचीही सोय आता आहे. विशिष्ट कुळालाच चिकटणारा चमकता रंग लावून पेशी ओळखायची आणि तीच पेशी सूक्ष्म वस्तुमानमापकाखाली धरून तिच्यात जड अणू किती गेले ते मोजायचे. ही पद्धत खर्चिक आणि वेळखाऊ आहे. हजारो पेशींसाठी ती वापरता येत नाही. पण ‘हा करतो’ असे बोट दाखवून म्हणण्याचा अधिकार तीच देते.

७. लेखक-शिक्षकांसाठी

या पद्धतींत नवी आली म्हणून जुनी बाद झाली असे होत नाही. २०१५ साली अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतची दोन्ही पावले एकटाच टाकणारा जीवाणू सापडला. विनोग्राद्स्कींपासून शंभर वर्षांहून अधिक काळ ही दोन कामे दोन वेगळ्या जीवांची मानली जात होती. तो शोध लागला परिस्थितीने निवड करण्याची जुनी रीत आणि मेटाजीनोमचे नवे वाचन हातात हात घालून चालले तेव्हा.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने, शिकवणाऱ्याने किंवा बातमीचे भाषांतर करणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. संशोधकांनी जीव पाहिला, त्याचे जनुक पाहिले, की त्याचे काम मोजले? जनुकच पाहिले असेल तर ‘आढळला’ किंवा ‘करू शकतो’ लिहावे. ‘करतो’ लिहू नये. दुसरा प्रश्न, मोजणी कोठली आणि कोणत्या महिन्यातली? कांदोळीच्या ऑक्टोबरातल्या पाण्याचे विधान फेब्रुवारीला लागू पडत नाही. तिसरा प्रश्न कर्त्याचा. ‘जीवाणूंमुळे समुद्र गुदमरतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण जीवाणू समोर आलेले अन्न खातात आणि असलेला ऑक्सिजन वापरतात, एवढेच. ते अन्न निसर्गतः वर येणाऱ्या पोषक पाण्यातून किती आणि शेतातली खते व शहरांचे सांडपाणी यांतून किती येते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वर्षानुवर्षांच्या मोजणीतूनच मिळणार. दरवर्षीच्या नैसर्गिक चढउतारापासून माणसाचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही, आणि म्हणूनच एकाच जागी वर्षानुवर्षे मोजणी चालू ठेवण्याला इतके मोल आहे.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे, खाजनाच्या शेतात राबणारे आणि किनारी प्रकल्पांच्या सुनावणीला बसणारे लोक मराठीत वाचतात. त्यांच्यासमोर समुद्राच्या आरोग्याविषयी अहवाल येतात, तेव्हा त्यातल्या वाक्यामागे कोणती मोजणी उभी आहे हे विचारण्याइतकी भाषा त्यांच्यापाशी असली पाहिजे. परिभाषाकोशात नामे आपण पुष्कळ जमवली आहेत. विनायट्रीकरण, समस्थानिक, संवर्धन हे शब्द सिद्ध आहेत; अॅनामॉक्स, मेटाजीनोम, पीसीआर हे तसेच घेतले तरी अडत नाही. काळजी घ्यायची ती त्यांना जोडल्या जाणाऱ्या क्रियापदांची. विज्ञानाच्या तासाला आणि मराठीच्या तासाला ती सारखीच घेता येईल. एखाद्या वृत्तपत्रातली सूक्ष्मजीवांवरची बातमी वर्गात वाचावी, तिच्यातली क्रियापदे अधोरेखित करावीत आणि प्रत्येकासमोर विद्यार्थ्यांना पुरावा लिहायला सांगावा. ज्याच्यासमोरची जागा रिकामी राहील, ते क्रियापद बदलावे.